पहिली जागा : प्रोग्रेसिव्ह मेटलचा बँड मनात शिरतो तो नेमका कसा

देवगडच्या एका वाचकांनी प्रश्न पाठवला आहे. ते गेली बारा वर्षे डबलबारी भजनांत, म्हणजे दोन बुवांच्या सवाल-जवाबाच्या भजनांत, पखवाज वाजवतात. त्यांचा धाकटा भाऊ शिक्षणासाठी पुण्याला गेला आणि ड्रीम थिएटर या अमेरिकन बँडचा चाहता होऊन सुट्टीला घरी आला. हा बँड प्रोग्रेसिव्ह मेटल वाजवतो, म्हणजे लांबलचक रचनांचे, ताल बदलत जाणारे वजनदार रॉक संगीत. भावाच्या आग्रहाखातर त्यांनी तीन वेळा मन लावून ऐकले, पण वाद्यांची कसरत आणि आरडाओरडा यापलीकडे त्यांच्या हाती काही लागले नाही. त्यांनी विचारले आहे की, ज्यांना हे संगीत आवडते त्यांना ते पहिल्यांदा आवडले तरी कसे, आणि तालाची जाण असूनही आपल्याला ते परके का वाटावे?

मी रत्नागिरीत वीस वर्षांहून अधिक काळ तबला आणि ड्रम्स शिकवतो. ड्रम्स शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी विचारतो की, हे वाद्य शिकावेसे तुला कोणते गाणे ऐकून वाटले, आणि त्या गाण्यातल्या नेमक्या कोणत्या ठिकाणी. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मुले थोडा वेळ घेतात, पण ते बहुतेकांकडे असते. त्या उत्तरांवरून माझे एक मत पक्के झाले आहे. प्रोग्रेसिव्ह मेटलचा बँड पहिल्या ऐकण्यात सबंध आवडला, असे सांगणारा माणूस मला क्वचितच भेटला. आवडते ती एखादी जागा. गाणाऱ्याने तानेतून उतरताना एखाद्या स्वरावर असा काही विसावा घ्यावा की समोरच्याच्या तोंडून नकळत दाद जावी, त्याला आपण जागा म्हणतो, त्याच अर्थाने मी हा शब्द वापरतो आहे. आठ-दहा मिनिटांच्या गाण्यात अशी एखादी जागा कानाला सापडते आणि बाकीची सात-आठ मिनिटे केवळ ती पुन्हा येईल म्हणून ऐकली जातात. तशी ऐकता ऐकता उरलेले गाणे कधी ओळखीचे झाले, हे ऐकणाऱ्याच्याही ध्यानात येत नाही.

माझे स्वतःचे उदाहरण १९९६ सालच्या गणपतीतले आहे. कोकण रेल्वे तेव्हा पूर्ण सुरू व्हायची होती आणि आमचे चाकरमानी एसटीने येत असत. माझा मावसभाऊ मुंबईहून येताना एक कॅसेट घेऊन आला. ती ६० मिनिटांची कोरी कॅसेट होती आणि तिच्यावर त्याने ड्रीम थिएटरचा ‘इमेजेस अँड वर्ड्स’ हा १९९२ सालचा अल्बम उतरवून घेतला होता. अल्बम जवळपास ५७ मिनिटांचा आहे आणि कॅसेटची एक बाजू ३० मिनिटांची, त्यामुळे पाचवे गाणे साडेतीन-चार मिनिटांवर तुटत असे. कॅसेट उलटली की ते पुढे सुरू होई, पण मधले काही क्षण कायमचे गेलेले असत. आरत्या आटोपल्यावर घरात सामसूम झाली की मी माळ्यावर बसून वॉकमनवर ती ऐकत असे.

पहिल्या रात्री मला त्यातले काहीही आवडले नाही. उलट पहिलेच गाणे, ‘पुल मी अंडर’, आठ मिनिटे चालून ओळ पुरी व्हायच्या आत कापल्यासारखे बंद पडले, तेव्हा कॅसेट खराब आहे असे मी धरून चाललो. ते बँडने मुद्दाम तसे संपवले आहे, हे मला पुढे वर्षभराने कळले. पण त्या तुटण्यामुळेच मी दुसऱ्या रात्री ते गाणे पुन्हा लावले, कारण कापले जाण्याआधी नेमके काय चालले होते ते मला पाहायचे होते. त्यानंतरचे गाणे ‘अनदर डे’ संथ आहे. त्यात जे बेकेनस्टाइन यांनी सोप्रानो सॅक्सोफोन वाजवला आहे. माझ्या कानाला तेव्हा गिटारच्या त्या भरड आवाजाची सवय नव्हती, पण सनईच्या वळणाने जाणारा तो सॅक्सोफोन लगेच कळला. ती माझी पहिली जागा. तिच्यासाठी मी रोज कॅसेट लावू लागलो, आणि ती सुरुवातीपासून लावावी लागे, कारण बॅटरी वाचवण्यासाठी पुढे-मागे पळवायला मला बंदी होती.

अनंत चतुर्दशीपर्यंत मी ती कॅसेट बारा-चौदा वेळा तरी ऐकली असेन. दुसऱ्या बाजूच्या सुरुवातीला, तुटलेल्या पाचव्या गाण्याच्या उत्तरार्धात, गायक थांबतो आणि केवळ वाद्यांचा एक लांब भाग सुरू होतो. त्यात गिटार आणि कीबोर्ड एकाच धावेत, एकमेकांना न सोडता, वेगाने खाली येतात. सुरुवातीला तो सारा भाग मला पाण्याच्या लोंढ्यासारखा वाटत होता. विसर्जनाच्या आदल्या रात्री तो ऐकत असताना माझा पाय एका ठिकाणी आपोआप जमिनीवर पडला आणि तंतोतंत त्याच क्षणी ड्रम्सचाही आघात पडला. मी मोजत नव्हतो. पुढे काय येणार हे माझ्या पायाला माझ्या आधी कळले होते. त्या रात्री मी तो भाग पुन्हा पुन्हा ऐकला, आणि त्या बँडशी माझे जे नाते जडले ते आजतागायत तुटलेले नाही.

आता आपल्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे येतो, कारण माझ्या मते खरी अडचण तिथे आहे. तालाची जाण असलेल्याला हे संगीत सोपे जावे असे वाटते; प्रत्यक्षात सुरुवातीला ते त्यालाच अधिक जड जाते. आपल्याकडे ताल कितीही बिकट असला, तरी एकदा धरला की तेच आवर्तन फिरत राहते. धमाराच्या १४ मात्रांची विभागणी ५-२-३-४ अशी असमान आहे, रूपकाची ३-२-२ आहे, झपतालाची २-३-२-३ आहे. असमान विभाग तुम्हाला नवे नाहीत. पण धमार सुरू झाला की बंदिश संपेपर्यंत धमारच राहतो आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आपल्या ठरल्या जागी भेटते. ड्रीम थिएटरसारख्या बँडमध्ये आवर्तनाची लांबीच गाण्याच्या ओघात बदलते. १९९९ सालच्या ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ या अल्बममधील ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ही केवळ वाद्यांची रचना सव्वासहा मिनिटांच्या आसपासची आहे आणि तिच्यात मात्रांची चौकट शंभराहून अधिक वेळा बदलते. पहिल्या आघातापासून सम शोधणारा पखवाजी तिथे चौथ्या-पाचव्या बदलाला हात टेकतो. ज्याला मोजताच येत नाही तो मात्र नुसती धून ऐकत पुढे सरकतो आणि आधी पोहोचतो.

परंतु तुमच्याजवळ दुसरीही एक विद्या आहे आणि तीच इथे कामी येते. डबलबारीत समोरच्या बुवांना उत्तर देताना आपले बुवा ऐनवेळी चाल बदलतात, गजरात लय चढवतात, मध्येच दोन ओळी सोडून तिसरीवर जातात. तेव्हा तुम्ही मात्रा मोजत बसत नाही. तुम्ही बुवांची चाल धरता. हात तिच्या मागोमाग जातो आणि मात्रा आपोआप जमतात. प्रोग्रेसिव्ह मेटल ऐकताना नेमके हेच करायचे असते. चाल धरावी, म्हणजे गिटारची किंवा बास गिटारची जी धून परत परत येते तिच्याकडे कान ठेवावा आणि ड्रम्सकडे पहिले काही दिवस दुर्लक्ष करावे. एका ड्रम्स शिकवणाऱ्याने हे सांगणे विचित्र वाटेल, पण मी विद्यार्थ्यांना हेच सांगतो. मोजणे ही नंतरची गोष्ट आहे. आवडलेल्या गाण्याचेच मोजमाप करावेसे वाटते.

मोजण्याची इच्छा झालीच, तर टूल या लॉस एंजलिसच्या बँडपासून सुरुवात करावी, कारण त्यांची आवर्तने बहुधा स्थिर असतात आणि त्यांच्यात आपल्या माणसाला ओळखीचे बरेच काही सापडते. त्यांचे ड्रमर डॅनी केरी यांनी आलोक दत्त यांच्याकडे तबल्याचे धडे घेतले आहेत. ‘लॅटरलस’ या २००१ सालच्या अल्बमात ‘स्किझम’ नावाचे गाणे आहे. त्यातील बासची मूळ धून आधी ५ आणि मग ७ अशा मात्रांनी फिरते, म्हणजे बेरीज १२. चौतालाच्या १२ मात्रा ज्याच्या हातात आहेत त्याने आपली दोन-दोनची विभागणी बाजूला ठेवून ही ५-७ ची विभागणी स्वीकारली, की समेवर गाठ पडते. त्याच अल्बमच्या शीर्षकगीतात मुख्य धून ९, मग ८, मग ७ अशा मात्रांची आहे. ऐकायला ती अडखळती वाटते, पण ९, ८ आणि ७ मिळून २४ होतात आणि तुमचा भजनी ठेका ८ मात्रांचा आहे. त्या धुनेच्या एका फेरीत भजनी ठेक्याची तीन आवर्तने तंतोतंत बसतात. मी हे विद्यार्थ्यांकडून पखवाजावर वाजवून घेतो. पहिल्या आवर्तनानंतर धून आणि ठेका एकमेकांपासून दूर जातात, दुसऱ्यात अगदीच बिनसल्यासारखे होते, आणि तिसरे संपताच दोघे समेवर एकत्र येतात. ज्याने आयुष्यभर तिहाया, म्हणजे तीनदा तोच बोल घेऊन समेवर येणे, वाजवल्या आहेत त्याला हा आनंद समजावून सांगावा लागत नाही.

याच गाण्याबद्दल आणखी एक सांगण्यासारखे आहे. त्याच्या कडव्यांतील शब्दांची अक्षरे १, १, २, ३, ५, ८ अशी वाढत जातात आणि मग ५, ३ अशी उतरतात. प्रत्येक संख्या म्हणजे मागच्या दोहोंची बेरीज. पाश्चात्त्य जगात ही मालिका फिबोनाची यांच्या नावाने ओळखली जाते आणि त्यांचा ग्रंथ १२०२ सालचा आहे. पण आपल्याकडे छंदःशास्त्रात लघु एक मात्रेचा आणि गुरू दोन मात्रांचा धरून, ठरावीक मात्रांच्या किती रचना होऊ शकतात, हे मोजताना हीच मालिका मिळाली होती आणि बाराव्या शतकात आचार्य हेमचंद्रांनी ती मांडली. तीन मात्रांच्या तीन रचना होतात, चार मात्रांच्या पाच, पाच मात्रांच्या आठ. शाळेत मात्रावृत्ते शिकलेल्या एका विद्यार्थिनीला मी हे सांगितले, तेव्हा तिने ते गाणे घरी जाऊन अकरा वेळा ऐकले असे ती म्हणाली. तिची पहिली जागा स्वरांत नव्हती, अक्षरांच्या मोजणीत होती. असेही होते.

स्वीडनच्या मेशुगाविषयी इथे थोडक्यात सांगतो, कारण नवख्या माणसाला मी तो बँड सहसा सुचवत नाही. त्यांच्या बऱ्याच रचनांत हाताखालची झांज आणि स्नेअर हा छोटा ड्रम साधी चार मात्रांची चौकट धरून असतात आणि गिटार व पायाचा ड्रम तिच्यावरून विषम लांबीची आकृती फिरवत राहतात. आमच्या लयकारीचाच तो एक कठोर अवतार आहे. तो कळायला हवा, पण वर्षभराने.

वाचकांनी आरडाओरडा हा शब्द वापरला आहे. ड्रीम थिएटरचे गायक जेम्स लाब्री स्वच्छ आवाजात गातात, त्यामुळे तो शब्द त्यांच्या उंच पट्टीला उद्देशून असावा. पण भावाच्या यादीत स्वीडनचाच ओपेथ असेल, तर घशातून काढलेला तो गुरगुरता, खर्जातला आवाजही कानी पडला असेल. या आवाजामुळे अनेक जण दारातूनच परततात आणि मला त्याचे वाईट वाटते. दशावतारात राक्षसाचे पात्र आरोळी ठोकत येते, तेव्हा त्याचा आवाज सुरेल का नाही असे आपण विचारत नाही, कारण तो आवाज त्या पात्राचा आहे हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. ओपेथचे मिकाएल ऑकरफेल्ट एकाच गाण्यात या दोन्ही आवाजांत गातात आणि त्या दोहोंमधला फरक हेच त्या गाण्याचे नाट्य असते. ज्याला तो आवाज मुळीच सहन होत नाही त्याच्यासाठी त्यांनीच एक वाट करून ठेवली आहे. २००३ सालच्या ‘डॅमनेशन’ या अल्बमात तो आवाज नाही, सर्व गाणी संथ आणि स्वच्छ गळ्याची आहेत. माझ्याकडे येणाऱ्या चिपळूणच्या एका विद्यार्थ्याने पावसाळ्यात वीज गेलेल्या रात्री मोबाइलवर तो अल्बम ऐकला आणि तिथून सहा महिन्यांनी तो आपल्या आपण २००१ सालच्या ‘ब्लॅकवॉटर पार्क’पर्यंत गेला, ज्यात दोन्ही आवाज आहेत. त्याला मी काहीही सांगितले नव्हते. ज्या माणसाचा मृदू आवाज ओळखीचा झाला, त्याचाच तो दुसरा आवाज आहे हे कळल्यावर त्याची भीती गेली, असे त्याने सांगितले.

काहींची जागा गोष्टीत असते. ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’ हा सबंध अल्बम एकाच कथेचा आहे. निकोलस नावाचा माणूस संमोहनाच्या अवस्थेत आपल्या मागच्या जन्मात शिरतो आणि १९२८ साली झालेल्या व्हिक्टोरिया नावाच्या तरुणीच्या खुनाचे कोडे उलगडू लागतो. सुमारे ७७ मिनिटांची ही रचना दोन अंकांत विभागलेली आहे. संगीत नाटकांच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला अंक, प्रवेश, पदे आणि पुनर्जन्म या गोष्टी समजावून द्याव्या लागत नाहीत; इंग्रजी शब्दांचा अडसर तेवढा असतो आणि शब्द समोर ठेवून एकदा ऐकले की तोही बराच कमी होतो. आमच्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षिकांना नातवाने तो अल्बम याच रीतीने ऐकवला. सुरुवातीला एका मुखड्यात आलेली धून शेवटच्या अंकात वेगळ्या प्रसंगी परत येते हे त्यांनी स्वतः टिपले. नाट्यपदांवर पोसलेल्या कानाची ती करामत होती.

आता थोडे माणसांविषयी सांगायला हवे. जागा सापडण्यासाठी पुनःपुन्हा ऐकावे लागते, आणि न आवडलेली गोष्ट माणूस पुनःपुन्हा ऐकतो ते बहुधा दुसऱ्या माणसाखातर. परिचयानेच आवड वाढते, हे रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ साली प्रयोगांनी दाखवले आहे. पण तो परिचय घडवायला कोणीतरी लागते. माझ्या पिढीत तो कॅसेट देणारा मावसभाऊ होता. माझ्यानंतरच्यांना वसतिगृहातल्या खोलीतला सोबती भेटला, ज्याच्या स्पीकरवर दुसरे काही लागतच नसे. मिरकरवाड्यातील एका मुलाला त्याच्या काकांच्या ट्रॉलरवर काम करणाऱ्या तांडेलाच्या मुलाने ड्रम्सचा व्हिडिओ दाखवला, आणि मासळी उतरेपर्यंतच्या वेळात दोघे तो पाहत बसत. आज संगीताचे ॲप पुढचे गाणे आपणहून लावते आणि बँडचे नाव पूर्वीपेक्षा लवकर कळते, हे खरे आहे. पण ते ॲप न आवडलेले गाणे बाजूला सारायला शिकवते, आणि या संगीताची आवड तर न आवडलेल्या गाण्यापाशी थोडे थांबण्यातूनच निर्माण होते. माझ्याकडील ज्या मुलांना कोणी माणसाने हे संगीत दिले, ती अधिक टिकली, असा माझा अनुभव आहे.

देणाऱ्यांचेही चुकते. चाहता झालेल्या माणसाला आपल्या बँडची सर्वांत अवघड रचना सर्वांत आधी ऐकवण्याची घाई असते, कारण त्याला तीच सर्वाधिक प्रिय असते. मी ही चूक केली आहे. एका गुणी मुलाला मी पहिल्याच आठवड्यात ‘द डान्स ऑफ इटर्निटी’ ऐकवले, कागदावर तिचे सारे मात्राबदल मांडून दाखवले, आणि तो पुढची दोन वर्षे या संगीताकडे फिरकला नाही. त्याला वाटले की हे गणित आहे आणि आपण त्यात नापास झालो. तो परत आला तो मी न सुचवलेल्या एका साध्या, पाच मिनिटांच्या गाण्यामुळे. निव्वळ कौशल्याच्या कौतुकापोटी जे या बँडकडे येतात, इतक्या वेगाने बोटे चालतात कशी याच आश्चर्याने जे ऐकतात, त्यांच्याबद्दलही मला थोडी काळजी वाटते. बोटांचा वेग हा पाहण्याचा विषय आहे. तो पाहून झाला की पुढे ऐकण्यासारखे काही शिल्लक राहावे लागते, आणि त्यांनी ते शोधलेलेच नसते.

प्रत्यक्ष मैफलीने झालेले एक परिवर्तन मी पाहिले आहे. डिसेंबर २००९ मध्ये पवईच्या आयआयटीच्या मूड इंडिगो महोत्सवात इंग्लंडचा पॉर्क्युपाइन ट्री हा बँड आला. तो काटेकोर अर्थाने मेटलचा बँड नव्हे, पण २००२ सालच्या ‘इन अब्सेन्शिया’पासून त्यांच्या संगीतात मेटलचे वजन आले होते, आणि ओपेथचा ‘ब्लॅकवॉटर पार्क’ घडवण्यात पॉर्क्युपाइन ट्रीचे प्रमुख स्टीव्हन विल्सन यांचा मोठा हात असल्यामुळे दोहोंचे चाहते बरेचसे एकच होते. आम्ही चौघे कोकणकन्येने रात्रभर प्रवास करून गेलो. त्यातला एक जण केवळ सोबत म्हणून आला होता आणि त्याला या संगीताची ओळख नव्हती. बँडचे ड्रमर गॅव्हिन हॅरिसन ठेका असा सरकवतात की क्षणभर सम भलतीकडेच असल्याचा भास व्हावा. कॅसेटवर किंवा सीडीवर तो भास माणसाला गोंधळात टाकतो. तिथे मात्र आमच्या मित्राच्या पुढे शेकडो माणसे उभी होती आणि खऱ्या समेवर त्या सर्वांच्या माना एकदम खाली जात होत्या. त्याने मला नंतर सांगितले की, बँडकडे न पाहता तो त्या मानांकडेच पाहत राहिला आणि तिसऱ्या-चौथ्या गाण्यापासून त्याचीही मान त्यांच्याबरोबर जाऊ लागली. दुसऱ्या दिवशी मांडवीने परत येताना रोह्यापासून रत्नागिरीपर्यंत तो मला एकाच गाण्याविषयी विचारत होता. भजनाला नव्याने बसलेले मूल आजूबाजूच्या टाळ्यांवरूनच सम शिकते, हे आपण जाणताच.

एकदा बँड आवडला, की ज्या अल्बमपासून तो आवडला त्याचे माप माणूस पुढच्या सर्व अल्बमना लावतो. ‘इमेजेस अँड वर्ड्स’पासून आलेल्यांना १९९४ साली बँड सोडून गेलेले कीबोर्डवादक केव्हिन मूर यांची उणीव आजही भासते, ‘सीन्स फ्रॉम अ मेमरी’पासून आलेल्यांना नंतरचे कीबोर्डवादक जॉर्डन रुडेस यांच्याशिवाय बँडची कल्पना करवत नाही. संस्थापक ड्रमर माइक पोर्टनॉय २०१० साली बाहेर पडले, तेव्हा माझ्या वर्गातली दोन मुले खरोखर शोकाकुल झाली होती. त्यानंतर माइक मँजिनी यांच्या काळात ज्यांनी पहिल्यांदा ऐकले त्यांना तेच खरे ड्रमर वाटतात, आणि २०२३ साली पोर्टनॉय परतले तेव्हा त्या मुलांना झालेला आनंद अर्धाच होता. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पहिल्या जागेशी इमान राखणे मला समजते.

आता आपल्याला काय करता येईल ते सांगतो. भावाला असे विचारू नका की तुला हा बँड का आवडतो. या प्रश्नाचे उत्तर कोणालाच नीट देता येत नाही. त्याला विचारा, पहिल्यांदा कोणत्या गाण्यात, कोणत्या मिनिटाला तू थांबलास. तो ती जागा नक्की दाखवील आणि ती दाखवताना त्याचा चेहरा पाहण्यासारखा असेल. ती जागा आपली होईलच असे नाही, पण शोधायचे कुठे याची दिशा कळेल. त्यानंतर त्याच्याकडून एकच अल्बम घ्यावा. ‘इमेजेस अँड वर्ड्स’ चालेल. तो न जमल्यास ‘डॅमनेशन’. दहा-बारा दिवस तोच अल्बम, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, दिवसातून एकदा, शक्यतो हेडफोन लावून आणि हातात पखवाज न घेता ऐकावा. कोणतीही एक धून गुणगुणता येऊ लागली, की तिथे थांबून तेवढाच भाग ऐकावा. यादरम्यान दुसरा बँड ऐकू नये. दहा-बारा दिवसांत एकही जागा सापडली नाही, तर तो अल्बम निःसंकोच ठेवून द्यावा. आपल्या कानात काही कमी आहे असा त्याचा अर्थ अजिबात होत नाही. माझ्या वर्गातल्या काही उत्तम वादकांना हे संगीत कधीही आवडले नाही आणि ते आजही माझे जिवलग आहेत.

आणि जागा सापडली, तर भावाची सुट्टी संपण्याआधी एका संध्याकाळी दोघांनी पडवीत बसावे. त्याने ‘लॅटरलस’चे ते शीर्षकगीत लावावे आणि ९-८-७ ची धून आली की तुम्ही पखवाजावर साधा भजनी ठेका धरावा. तुमची एक मात्रा त्या धुनेच्या एका मात्रेएवढी होईल अशी लय जुळवून घ्यावी लागेल, त्याला दोन-तीन प्रयत्न लागतात. पहिल्या दोन आवर्तनांत हात आवरू नये, काहीही बिनसल्यासारखे वाटले तरी ठेका चालू ठेवावा. तिसऱ्याच्या शेवटी तुमचा ‘धा’ आणि डॅनी केरींचा आघात एकत्र पडेल.